सतरा अक्षरं, एक चूक: गाडीचा चेसिस नंबर तपासतं कोण?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)

कानात इअरफोन घालून गाडी चालवत असाल तर आधी बाजूला थांबा, नाहीतर घरी जाऊन ऐका. आजचा विषय गाडीचाच आहे, आणि मध्येच गाडीजवळ जाऊन खाली वाकून बघावं लागणार आहे.

मी क्रांती चौकाजवळ एका छोट्या ऑफिसात गाड्यांच्या कागदपत्रांची कामं करतो. विमा, नाव ट्रान्सफर, कर्ज फिटल्यावर बँकेचा बोजा उतरवणं, असलं सगळं. दिवसभर माझ्यासमोर येतात ते आकडे आणि अक्षरं. नंबर प्लेटवरचा एमएच २० सगळ्यांना पाठ असतो. पण गाडीचा खरा नंबर तो नव्हेच. प्लेट बदलता येते, गाडी दुसऱ्या राज्यात गेली तर नंबरही बदलतो. जन्मापासून भंगारात जाईपर्यंत जो बदलत नाही तो चेसिस नंबर. आपल्याकडे बरेच जण 'चासी नंबर' म्हणतात. कंपन्यांच्या भाषेत व्हीआयएन.

आजची गोष्ट एवढीच आहे: हा नंबर टाइप करताना एक अक्षर चुकलं, तर ते कुणाच्या लक्षात येतं? आणि लक्षात आलंच तर ते दुरुस्त कसं करायचं?

आधी नंबराची ओळख करून घेऊ.

१९७७ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेनं याचं मानक काढलं, आणि अमेरिकेत १९८१ पासून १७ अक्षरांचा नंबर सक्तीचा झाला. आज जगभर हीच पद्धत आहे. त्याआधीच्या गाड्यांचे नंबर लहान असायचे, म्हणून आजोबांची जुनी चेतक असेल तर तिच्यावर १७ अक्षरं शोधत बसू नका.

पहिली तीन अक्षरं म्हणजे कंपनीचं आडनाव. एम-डी-दोन दिसलं की बजाज. एम-ए-तीन म्हणजे मारुती, एम-ए-टी म्हणजे टाटा, एम-बी-एल म्हणजे हिरो. आपल्या शहरात तर हे कळायलाच हवं. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे आणि शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या २००१ पासून जोडल्या जातायत. क्रांती चौकात लाल सिग्नल लागला की जालना रोडवर ज्या गाड्या थांबतात, त्यातल्या कित्येकींचं माहेर इथून तासाभराच्या आत आहे.

दहावं अक्षर बहुतेक गाड्यांत वर्ष सांगतं. २०१० साठी ए, २०१५ साठी एफ, २०१७ साठी एच, आणि २०१८ साठी? आय नाही, थेट जे. कारण या नंबरात तीन अक्षरं चालतच नाहीत: आय, ओ आणि क्यू. आय हा एकासारखा दिसतो, ओ आणि क्यू शून्यासारखे. नंबर तयार करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की माणूस टाइप करताना चुकणार, म्हणून सगळ्यात वाईट तीन अक्षरं त्यांनी दारातच अडवली. आणि अगदी शेवटची चार अक्षरं कायम आकडेच असतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता एक अक्षर चुकलं तर काय होतं ते सांगतो.

पैठणकडचा एक मुलगा आमच्याकडे आला होता. मोटारसायकल चोरीला गेली होती. तक्रार देताना त्याच्या हातात फक्त विम्याची पॉलिसी होती, कारण आरसी बुक घरी. तक्रारीत चेसिस नंबर पॉलिसीवरून उतरवला गेला. दीड-दोन महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यात एक बेवारस गाडी सापडली. रंग तोच, मॉडेल तेच, नंबर प्लेट काढून टाकलेली. चेसिस नंबर पाहिला तर तक्रारीतल्या नंबराशी जुळेना. सतरापैकी सोळा अक्षरं बरोबर, एक चूक. पॉलिसी काढताना कुणीतरी फोनवर नंबर सांगितला होता आणि लिहिणाऱ्यानं 'टी'च्या जागी 'सी' ऐकलं होतं. तो मला म्हणाला, "दादा, गाडी समोर दिसतीय, माझीच आहे, मग देत कामून नाहीत?"

देणार तरी कसे? कागदावर ती त्याची गाडीच नव्हती. शोरूममधून फॉर्म २१ ची प्रत आणली. फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, त्यावर चेसिस नंबर असतो. आरसी जुळवली, पॉलिसीत दुरुस्ती करून घेतली, मग तक्रारीत पुरवणी जबाब दिला. गाडी मिळाली. पण त्या दरम्यान तो रोज कामाला एसटीनं जात होता, आणि हप्ता मात्र चालूच होता.

यात कुणी बदमाशी केली नव्हती. एक अक्षर चुकीचं ऐकलं गेलं, आणि वर्षभर ते कुणीही पकडलं नाही. पॉलिसीच्या फॉर्मनं ते मुकाट्यानं स्वीकारलं.

तर या चुका येतात कुठून? मी चार वाटा पाहिल्या आहेत.

पहिली वाट डोळ्याची. एस आणि पाच, बी आणि आठ, झेड आणि दोन, जी आणि सहा. धातूवर ठोकलेला नंबर, त्यावर ग्रीस, धूळ, गंज. मोबाइलचा टॉर्च मारून फोटो काढला तरी चमकेमुळे आठचा बी दिसतो.

दुसरी कानाची. सी, टी, डी, बी, पी, जी, व्ही, ई ही सगळी 'ई'वर संपणारी भावंडं. रेंज कमी असली की सगळी सारखीच ऐकू येतात.

तिसरी बोटाची. शेजारची दोन अक्षरं उलटी पडतात, एखादं दोनदा पडतं, एखादं राहून जातं.

आणि चौथी आपली खास, मराठी वाट. कागदावर कुणी मराठी आकड्यात नंबर लिहून दिला तर मराठी चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो, मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा. बोलतानाही तसंच. आपण 'त्रेसष्ट' म्हणतो तेव्हा तोंडातून आधी तीन येतो, मग साठ. ऐकणारा इंग्रजी माध्यमातला असेल तर त्याचं बोट आधी तीनवर जातं, आणि सहाऐवजी छत्तीस-त्रेसष्टचा घोळ होतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'तेवीस'सोबत 'वीस तीन' असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता आठवतं? चेष्टा करणारे पुष्कळ होते. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की मुलांना अशी वाचनपद्धत सोपी जाते. ती चर्चा बाजूला ठेवा, पण फोनवर चेसिस नंबर सांगताना जोडीनं आकडे कधीच सांगू नका. 'त्रेसष्ट' नाही. 'सहा, तीन.'

आता मुख्य प्रश्न. मशीनला चूक कळू शकते का?

कळू शकते. आणि त्याचा पुरावा तुमच्या हातात आहे, म्हणजे तुमचा फोन. डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. १५ आकडी आयएमईआय नंबर दिसेल. त्यातला शेवटचा आकडा हा राखणदार आहे. आधीच्या १४ आकड्यांचं ठरलेलं गणित करून तो काढलेला असतो. मधला एक आकडा चुकला की गणित जुळत नाही आणि मशीन म्हणतं, 'परत बघ.' तुमच्या डेबिट कार्डवरही असाच राखणदार आहे. हे गणित हान्स पीटर लून यांचं, आयबीएममध्ये काम करायचे ते. आधारच्या १२ आकड्यांतला शेवटचाही राखणदारच, फक्त त्याचं गणित वेगळं, व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाचं.

चेसिस नंबरलाही असा राखणदार आहे, पण अमेरिकेत. तिथे नववं अक्षर हे राखणदाराचं. गणित सोपं आहे, ऐका.

प्रत्येक अक्षराला एक किंमत द्यायची. ए ला १, बी ला २, असं करत एच ला ८. मग जे पासून पुन्हा १. जे १, के २, एल ३, एम ४, एन ५, पी ७, आर ९. मग एस पासून २: एस २, टी ३, आणि झेडला ९. आकड्यांची किंमत तीच. मग प्रत्येक जागेचं एक वजन असतं: ८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, मग राखणदाराच्या जागेला ०, पुढे ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २. किंमत गुणिले वजन, सगळ्यांची बेरीज, आणि बेरजेला ११ ने भागायचं. जी बाकी उरेल ती नवव्या जागी हवी. बाकी १० आली तर तिथे एक्स लिहायचं.

सगळ्यात सोपं उदाहरण घ्या: सतराही जागी १. मग बेरीज म्हणजे फक्त वजनांची बेरीज, ८९. अकरा आठे अठ्ठ्याऐंशी, बाकी १. नवव्या जागी १ आहेच. जुळलं!

आता पाचव्या जागी १ ऐवजी ७ टाइप झाला समजा. हातानं लिहिलेले एक आणि सात असे फसवतातच. पाचव्या जागेचं वजन ४. बेरीज सहा चोक चोवीसनं वाढली, ११३ झाली. बाकी ३. नवव्या जागी तर १ आहे. पकडली चूक!

अकरानंच का भागायचं? ११ ही मूळ संख्या आहे. किंमतीतला फरक १ ते ९ मधला, वजन २ ते १० मधलं. या दोघांचा गुणाकार ११ च्या पाढ्यात कधीच येत नाही. म्हणून एका अक्षराची किंमत बदलली की बाकी बदलतेच. शेजारची वजनं वेगवेगळी असल्यामुळे उलटापालटही बहुतेक वेळा पकडली जाते.

पण राखणदारालाही डुलकी लागते. एक च्या जागी ए किंवा जे टाइप केलं तर? किंमत तिघांचीही १. बेरीज तीच, बाकी तीच, राखणदार गप्प. आणि गंमत बघा, सी आणि टी दोघांची किंमत ३. जी आणि पी दोघांची ७. ई आणि व्ही दोघांची ५. डोळ्याच्या चुका, म्हणजे एस-पाच, बी-आठ, झेड-दोन, जी-सहा, या सगळ्या तो पकडतो. पण कानाच्या चुकांपैकी नेमक्या काही त्याच्या हातून निसटतात. पैठणच्या मुलाची टी-सी ची चूक अमेरिकेतसुद्धा निसटली असती.

आणि आपल्याकडे तर राखणदाराची सक्तीच नाही. भारतात नववी जागा तपासणीच्या आकड्यासाठी राखून ठेवलीच पाहिजे असं बंधन नाही. खरं वाटत नसेल तर आरसी काढा आणि नववं अक्षर बघा. राखणदार असता तर तिथे फक्त आकडा किंवा एक्स येऊ शकला असता. तुमच्याकडे एल, एस, बी असलं काही असेल, तर संपलं. तुमच्या दहा-पंधरा हजारांच्या फोनच्या नंबरला राखणदार आहे, आणि लाखाच्या गाडीच्या नंबरला नाही.

आता दुरुस्तीकडे येऊ. ऐकणाऱ्यांत वेबसाइट, ॲप बनवणारे बरेच असतील, म्हणून हे नीट सांगतो.

'चूक आहे' हे कळणं आणि 'कुठे आहे' हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी. राखणदार फक्त शिट्टी वाजवतो, चोर दाखवत नाही. मघाच्या उदाहरणात बाकी चुकली. एक अक्षर बदलून ती जुळवायची तर साधारण पन्नास पर्याय निघतात. प्रत्येक जागी एक ठरावीक किंमत हवी, आणि त्या किंमतीची सरासरी तीन अक्षरं. पन्नास संशयित!

मग त्यांना चाळणी लावायची. माणूस कोणती चूक करतो ते आपल्याला माहीत आहे. समजा फक्त एक-सात ची गफलत धरली. मग पन्नासचे तीन उरतात: पाचव्या जागचा ७ हा १ असेल, किंवा दुसऱ्या जागचा १ हा ७ असेल, किंवा बाराव्या जागचा. दुसरी जागा कंपनीच्या आडनावातली, गाडी कुठली ते आपल्याला माहीत, म्हणून ती बाद. उरल्या दोन जागा. आता सतरा अक्षरं वाचण्याऐवजी गाडीवर फक्त दोन अक्षरं नीट बघायची. दुरुस्तीचं खरं काम एवढंच असतं: नजर कुठे लावायची ते सांगणं.

राखणदार नसला तरी ही चाळणी चालते. अक्षरं सतराच आहेत का? कंपनीचं आडनाव गाडीशी जुळतं का? दहावं अक्षर वर्षाशी जुळतं का? शेवटचे चार आकडेच आहेत का? एवढं तपासलं तरी पुष्कळ चुका जाग्यावर सापडतात.

काही दुरुस्त्या मशीननं न विचारता कराव्यात. ओ टाइप झालं तर शून्य करा, आय टाइप झालं तर एक करा, कारण ती अक्षरं तिथे असूच शकत नाहीत. शेवटच्या चारांत एस आलं तर ते पाचच असणार, बी आलं तर आठ. पण मधल्या एखाद्या जागी एस असेल तर त्याला हात लावू नका. तो खराच एस असू शकतो. तिथे ॲपनं विचारावं, 'हे एस आहे की पाच? गाडीवर बघून सांगा.' मनानं बदललं तर बरोबर नंबर चुकीचा होईल, आणि ती चूक तर कुणालाच सापडणार नाही.

हे सगळं आत्ता का सांगतोय? कारण जुन्या चुका आत्ता वर येतायत. १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावायला सांगितलं, २०२५ मध्ये तिची मुदत कितीदा तरी वाढली. बुकिंग करताना चेसिस आणि इंजिन नंबर टाकावा लागतो आणि तो सरकारच्या 'वाहन' नोंदीशी जुळावा लागतो. परिवहनच्या वेबसाइटवर कितीतरी कामांना चेसिस नंबरचे शेवटचे पाच अंक मागतात. जुनी नोंद रजिस्टरवरून कधीतरी कॉम्प्युटरवर उतरवली गेली, तेव्हा पडलेली चूक इतकी वर्षं झोपून होती. आता ती उठून बसते, आणि लोक म्हणतात, "साइट चालत नाही."

तर आज काय करायचं? पाच मिनिटांचं काम आहे.

एक. गाडीजवळ जा. मोटारसायकलला हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, मानेच्या नळीवर नंबर ठोकलेला दिसेल. कारमध्ये बहुतेक वेळा काचेच्या खालच्या कोपऱ्यात, सीटखाली किंवा इंजिनच्या बाजूला असतो. ओल्या फडक्यानं पुसा. टॉर्च समोरून नको, तिरका धरा, म्हणजे खोबणीत सावली पडते आणि बी-आठ वेगळे दिसतात. फोटो काढून ठेवा.

दोन. आरसी, विमा पॉलिसी आणि पीयूसी समोर ठेवा. तीन-तीन अक्षरांचे गट पाडून जुळवा. एकानं गाडीवरचं वाचायचं, दुसऱ्यानं कागदावर बोट ठेवायचं. एकट्यानं करत असाल तर शेवटाकडून उलटं वाचा. सरळ वाचताना डोळा अंदाजानं पुढे पळतो, उलटं वाचताना पळत नाही.

तीन. फोनवर सांगायची वेळ आली तर सांगूच नका, फोटो पाठवा. सांगावंच लागलं तर 'टी, टाटाचा टी', 'सी, सायकलचा सी', 'जी, गणपतीचा जी', 'पी, पुण्याचा पी'. आणि समोरच्याकडून परत वाचून घ्या.

चार. चूक सापडली तर क्रम पाळा. धातूवरचा नंबर खरा. आरसी चुकली असेल तर आधी आरटीओत ती दुरुस्त करा. सोबत फॉर्म २१, बिल, चेसिसचा पेन्सिलनं घासून काढलेला छाप ठेवा. गाडी दाखवावी लागू शकते, तयारी ठेवा. आरसी बरोबर आणि पॉलिसी चुकली असेल तर विमा कंपनीला लेखी कळवून दुरुस्ती मागा, तिला एन्डॉर्समेंट म्हणतात. दुरुस्त झालेला कागद हातात येईपर्यंत पिच्छा सोडू नका. ही दुरुस्ती अपघात किंवा चोरी होण्याआधी साधा पत्रव्यवहार असते. नंतर तिची भानगड होते.

पाच. कागदाशी जुळावं म्हणून गाडीवरच्या नंबराला कुणालाही हात लावू देऊ नका. 'घासून नीट करून देतो' म्हणणारा भेटला तर तिथून निघा. तो गुन्हा आहे, आणि एकदा घासला की तुमची खरी गाडीही चोरीची दिसते.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे सगळं पैसे देण्याआधी करायचं. टोकन दिल्यावर नाही.

आपल्या गाडीच्या नंबराला राखणदार नाही, म्हणून ते काम आपल्यालाच करावं लागतं. घरात जेवढ्या गाड्या आहेत तेवढ्या तपासा. वडिलांची स्कूटर, काकांचा टेम्पो, ताईची ॲक्टिव्हा. चूक सापडली तर कोणतं अक्षर कशाच्या जागी पडलं होतं ते मला कळवा. पूर्ण नंबर मात्र कुणालाही, मलाही, पाठवू नका.

भेटू पुढच्या भागात. तोवर हेल्मेट घाला, सावकाश चालवा.